गळती

आसुन्सिओनच्या दफ्तरखान्यात दुपारीही पंखा बंद ठेवतात,
नाहीतर कागद उडतात.
जुन्या सरकारचा कागद पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा,
आणि सरकार हिशेबाला चोख.
किती किलो मीठ, किती वार दोरी,
रात्रपाळीच्या रेडिओला बॅटऱ्या बारा,
आवाज मोठा ठेवण्याचा लेखी हुकूम सोबत जोडलेला,
डॉक्टरांचा टॅक्सीखर्च, जाऊन-येऊन.
प्रत्येक ओळीखाली सही. सहीवर शिक्का.

लोकांना वाटतं, असलं काही अंधारात होतं.
छे. तीन प्रतींत होतं.

काल गठ्ठा अठ्ठावीस, ऑगस्ट शहात्तर.
न्हाणीघरातल्या टबाची गळती काढली,
रबरी बूच नवीन,
मजुरीसह अठराशे ग्वारानी.
काम समाधानकारक.
सही: अनास्तासियो ओवेलार.
त्यातला ओ पुरता न मिटलेला,
वर बारीकशी फट,
जशी माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर.

बाबांनी गल्लीतला एकेक नळ फुकट दुरुस्त केलाय.
पैसे विचारले की म्हणायचे, पाण्याचे कसले पैसे.
आमच्या घरात मात्र टब नाही.
आईने किती वर्षं मागितला,
ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.
आम्हाला वाटायचं, चिक्कूपणा.

समोर दोन क्रिस्पुलो सानाब्रिया राहायचे, शिंपी.
शहात्तरच्या अखेरीस परत आले
आणि पुढची वीस वर्षं त्यांनी डोकं ओलं केलं नाही.
ओल्या फडक्याने केस पुसायचे,
खिडकीशी उभे राहून, तोंड उघडं ठेवून.
पाऊस आला की दुकानाचं दार अर्धं लावायचे,
पुरतं कधीच नाही.
आम्ही पोरं हसायचो.
बाबा दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसायचे,
मध्ये तेरेरेचा एकच शिंगाचा पेला,
एकाने प्यायचं, दुसऱ्याने भरायचं.
बोलायचं कुणीच नाही.
पाणी कुठे मुरतंय
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पावती घरी नेता येत नाही.
मी नुसता आकडा सांगितला. अठराशे.
बाबा एक्याऐंशीचे, पेरूच्या रोपाला पाणी घालत होते.
त्यांनी डबा खाली ठेवला नाही.
"बूच जुनं झालं होतं," म्हणाले. "पाणी टिकत नव्हतं."
मग बऱ्याच वेळाने,
"दहा मिनिटं तरी टिकायला हवं, असं म्हणाले.
कशासाठी, ते मी विचारलं नाही, निमिया.
जाळीत केस अडकले होते. लांब, आखूड, एक पांढरी बट.
तेही काढले.
त्याचे पैसे लावले नाहीत."

डबा रिकामा झाला होता,
ते तसाच तिरका धरून उभे.

मी विचारलं, दोन क्रिस्पुलोंना माहीत होतं?
"एकदाच म्हणाला. बूच फार घट्ट होतं, म्हणाला,
बसवणाऱ्याचा हात कसबी असणार.
मी त्याचा पेला भरला."

आज त्या पावतीला नंबर द्यायचाय.
हुकूम देणाऱ्याचं नाव अख्ख्या गठ्ठ्यात कुठे नाही,
हिरव्या शाईची दोन अक्षरं तेवढी,
त्यांची पेन्शन मरेपर्यंत पहिल्या तारखेला जात होती,
ते कागदही माझ्याकडेच आहेत.
पूर्ण नाव लिहिणारा एकच,
कारण त्याला वाटलं, कामाचे पैसे घ्यायचे तर सही करावी.

विषयाच्या रकान्यात जुन्या सरकारने लिहिलंय: देखभाल.
नव्या सरकारनेही रकाना तेवढाच आखलाय.
छळ हा शब्द त्यात मावतो,
मी पेन्सिलीने लिहून पाहिला.
शेजारच्या रकान्यात
बाबांचं नाव अजून लिहायचंय.